रिस्टार्टचा गंडा

घरातल्या सर्व्हरशी घरातल्याच दुसऱ्या संगणकाची जोडणी तुटली की पहिला माणूस सांगतो, "बंद करून चालू करा." दुसरा सांगतो, "आधी राउटर बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग चालू करा." तिसरा स्वतःला जाणकार समजतो, म्हणून तो दोनाची पाच मिनिटं करतो. यातला एकही जण विचारत नाही की बाबा, तुटलंय ते नक्की काय? दंडाला गंडा बांधणारा बुवा निदान रोग्याला समोर बसवून तरी घेतो. आमचे हे सल्लागार फोनवरूनच बांधतात. गुण आला की श्रेय घेतात, नाही आला तर "विंडोज नव्याने टाका" म्हणून मोकळे होतात.

घरात सर्व्हर हवाय कशाला, असं नाक मुरडून विचारणाऱ्यांनी जरा आपल्याच गल्लीत फिरून यावं. सांगली-मिरजेकडच्या एखाद्या कर सल्लागाराच्या घरी आतल्या खोलीत एक जुना डेस्कटॉप रात्रंदिवस घरघरत असतो. त्यावर टॅलीचा डेटा असतो आणि बाहेरच्या खोलीतली पोरं आपापल्या संगणकावरून त्याच फोल्डरमध्ये नोंदी मारत असतात. खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड अशा डॉक्टरांच्या घरी एक्स-रे असेच कुठेतरी साठतात. कुणाकडे सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि वीस वर्षांचे फोटो एका छोट्या नॅस डब्यात, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यात असतात. याला कुणी सर्व्हर म्हणत नाही, 'मोठा कॉम्प्युटर' म्हणतात. पण महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीचं ३बी भरायच्या दिवशी, तो बाकीच्या संगणकांना दिसेनासा झाला की त्याचं खरं नाव काय ते सगळ्यांना कळतं.

रिस्टार्टने गुण येतो, हे मला मान्य आहे. माझा राग नेमका त्यावरच आहे. राउटर आणि संगणक बंद-चालू केले की एका दमात पाच-सहा गोष्टी होतात. प्रत्येक यंत्र नव्याने पत्ता मागतं. कुठला पत्ता कुठल्या नेटवर्क कार्डाचा, याची जुनी टिपणं पुसली जातात. सर्व्हरशी अर्धवट लटकलेली सत्रं तुटतात. हे नेटवर्क घरचं की परकं, हे विंडोज पुन्हा एकदा ठरवतं. यांतल्या कुठल्यातरी एकाने काम झालेलं असतं. कुठल्या, ते तुम्हाला ठाऊक नाही आणि आता कधी कळणारही नाही, कारण बहुतेक घरगुती राउटर आपली नोंदवही तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज काढली की वही कोरी. पुरावा म्हणून जे काही होतं ते आपण आपल्याच हाताने पुसून टाकतो आणि वर समाधानाने चहा पितो. पुढच्या आठवड्यात तोच बिघाड, तोच उपाय, तोच चहा.

शिवाय हा उपाय नवा आजारही लावून जातो. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम राउटर करतो. त्याने काल सर्व्हरला १९२.१६८.१.१० दिला असेल, तर बंद-चालू झाल्यावर आज १९२.१६८.१.१४ देऊ शकतो. बाकीच्या संगणकांवर सर्व्हरच्या फोल्डरसाठी केलेला झेड ड्राइव्ह जुन्या आकड्याला बांधलेला असेल तर तो मेला. आणि विजेचा खेळ तर महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. वीज जाते, इन्व्हर्टरवर पंखे असतात, राउटर नसतो. वीज येते तेव्हा राउटर आणि सर्व्हर एकदम उठतात. सर्व्हर पत्ता मागतो त्या वेळी राउटर अजून डोळेच चोळत असतो. उत्तर मिळालं नाही की विंडोज स्वतःच स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन टाकतं. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' एवढा एक शब्द टाइप केला की हा आकडा समोर येतो, आणि त्याचा अर्थ एकच असतो: पत्ता देणारा कुणी भेटला नाही. यानंतर विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत राहतं, त्यामुळे चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत सगळं आपोआप सुरळीत होतं आणि श्रेय मात्र रिस्टार्टवाला घेऊन जातो. राउटरच्या पानावर सर्व्हरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला की हे प्रकरण जवळजवळ संपतं. पण ते करायला राउटरचा पासवर्ड लागतो. तो नेटवाल्याकडे असतो आणि नेटवाला फोन उचलत नाही.

नेटवाल्याबद्दल जरा मन मोकळं करतो. आमच्या भागातल्या नेटवाल्याकडे तक्रार नोंदवली की एक चुणचुणीत मुलगा येतो. दारात बूट काढतो, मोबाइल काढतो, स्पीड टेस्ट लावतो आणि काटा उजवीकडे झुकलेला मला दाखवतो.

"काका, स्पीड तर फुल्ल येतोय."

"अरे, मला बाहेर कुठे जायचंच नाहीये. या खोलीतून त्या खोलीत जायचंय."

"पण नेट चालू आहे ना?"

या प्रश्नाला मी आजवर सभ्य उत्तर शोधू शकलेलो नाही. एका खोलीतला संगणक दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा त्यांचं बोलणं उंबऱ्याबाहेर जात नाही. रस्त्यावरून येणारी फायबरची वायर उपटून काढली तरी ते चालू राहायला हवं. किंबहुना ती वायर काढून बघणं ही एक झकास चाचणी आहे, कारण त्यानंतर निदान 'नेट' हा शब्द तरी चर्चेतून जातो. पण आपल्याकडे मदत नावाची जी काही व्यवस्था आहे ती सगळी उंबऱ्याबाहेरची. कॉल सेंटरवरची ताई विचारते, "सर, डब्यावर लाल दिवा लागलाय का?" दिवा लाल नसला की तिच्या लेखी रोगी ठणठणीत. संगणक विकणाऱ्याची जबाबदारी मागच्या खाचेपर्यंत. विंडोजवाले म्हणतात नेटवर्क बघा, नेटवर्कवाले म्हणतात अँटिव्हायरस बघा, आणि अँटिव्हायरसवाले नूतनीकरणाची आठवण करून देतात. बिघाड बहुतेक वेळा दोघांच्या मध्ये असतो, आणि त्या मधल्या जागेचा पगार कुणालाच मिळत नाही.

वर तोच मुलगा "आतल्या खोलीत रेंज नाही" म्हणून दुसरा राउटर विकून जातो. हा दुसरा डबा नुसता पुढे जोडण्याऐवजी स्वतंत्र राउटर म्हणून बसवला की घरात दोन संसार होतात. एकाचे पत्ते १९२.१६८.१ चे, दुसऱ्याचे १९२.१६८.० चे. मग आतल्या राउटरवरचा लॅपटॉप बाहेरच्या राउटरवरच्या सर्व्हरपर्यंत जातो, उलट दिशेने मात्र काही केल्या जाता येत नाही, आणि विंडोजच्या नेटवर्कच्या यादीत तर कुणालाच कुणी दिसत नाही. एकीकडून चालतं, दुसरीकडून चालत नाही, असं कुणी सांगितलं तर त्याला वेड्यात काढू नका. दोन्ही संगणकांचे पत्ते शेजारी शेजारी लिहा. तिसरा आकडा वेगळा दिसला की गुन्हेगार सापडलाच म्हणून समजा. पाहुण्यांसाठी काढलेल्या वायफायचंही तेच. ते मुद्दामच एका यंत्राला दुसरं दिसू नये असं बांधलेलं असतं, आणि घरातली पोरं त्याचा पासवर्ड सोपा म्हणून नेमकी त्यावरच बसलेली असतात.

आता मुख्य आरोपीकडे येतो, म्हणजे पडद्यावरच्या संदेशाकडे. विंडोज सांगतं की नेटवर्कवरचा मार्ग सापडला नाही, खाली झीरो एक्स ८००७००३५ असा भारदस्त आकडा लिहितं, आणि वर सुचवतं की नावाचं स्पेलिंग तपासा. कालपर्यंत ज्या नावावर क्लिक करून काम चाललं त्याचं स्पेलिंग आज मी तपासायचं! आकडा भारदस्त आहे तो फक्त दिसायला. सोळाच्या हिशेबात लिहिलेले शेवटचे ३५ म्हणजे तीन सोळा अठ्ठेचाळीस अधिक पाच, एकूण ५३. डॉसच्या काळापासून चालत आलेली ही 'त्रुटी क्रमांक ५३' आहे, नुसता कोट-टाय चढवलेली. सर्व्हर बंद असला तरी ५३. वायर निघाली तरी ५३. नाव सापडलं नाही तरी ५३. फायरवॉलने दार लावून घेतलं तरी ५३. शेजारी 'डायग्नोज' नावाचं बटण असतं. ते दाबलं की एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते आणि शेवटी कळतं की समस्या ओळखता आली नाही. इतका प्रामाणिक निष्कर्ष काढायला पट्टी कशाला सरकवायची होती, हे त्या बटणालाच ठाऊक.

खरं निदान या बटणापेक्षा कमी वेळात होतं. त्यासाठी अभियंता असावं लागत नाही, फक्त एका वेळी एकच प्रश्न विचारायची आणि उत्तर येईपर्यंत हात बांधून बसायची सवय लागते.

पहिला प्रश्न: कुणाला दिसत नाही? घरातल्या सगळ्या संगणकांना सर्व्हर दिसत नसेल तर दोष सर्व्हरकडे किंवा त्याच्या वायरीकडे आहे. एकालाच दिसत नसेल तर सर्व्हरला हात लावू नका, तो निर्दोष आहे. या एका प्रश्नाने अर्धं घर चौकशीतून सुटतं. आणि हाच प्रश्न कुणी विचारत नाही. एका लॅपटॉपला फोल्डर उघडेना म्हणून चालता सर्व्हर बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. बाकी दोघांच्या टॅलीच्या नोंदी त्यात बुडतात, तो भाग वेगळा.

दुसरा प्रश्न: नावाने जात नाही की आकड्यानेही जात नाही? पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आकडा टाका. आकड्याने उघडलं तर वायर, राउटर, सर्व्हर, पासवर्ड सगळं ठीक आहे. बिघाड फक्त नावाचा आहे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत प्रिय आहे. पासवर्ड विचारतोय का? पासवर्डची चौकट समोर आली याचा अर्थ वायर शाबूत आहे, पत्ता बरोबर आहे, फायरवॉलने आत सोडलंय, सर्व्हरवरची सेवा जागी आहे आणि तिने तुम्हाला "आपण कोण?" असं विचारलंय. नेटवर्कच्या तब्येतीचा याहून चांगला दाखला मिळणार नाही. तरीही निम्मी जनता नेमक्या याच क्षणी उठून राउटरचं बटण दाबायला जाते! चूक असते ती ओळखीची. रोज चार आकडी पिन टाकून लॅपटॉप उघडणाऱ्याला वाटतं तोच पासवर्ड. पण तो पिन त्या एका यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून जाताना खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो खातं उघडल्यापासून कुणाच्या लक्षात नसतो. दुसरीकडे काही घरांत मोठ्या कॉम्प्युटरला पासवर्डच नसतो, "घरातल्या घरात कशाला" म्हणून. विंडोज मूळ मांडणीत कोऱ्या पासवर्डचं खातं फक्त समोर बसलेल्याला वापरू देतं, नेटवर्कवरून आलेल्याला नाही. म्हणजे ज्याने सोय म्हणून पासवर्ड काढला त्यानेच दार बंद केलं. एका नावाने आधीच आत शिरलेल्या संगणकाने दुसऱ्या नावाने पुन्हा शिरायचा प्रयत्न केला तर क्रमांक १२१९ ची वेगळीच त्रुटी येते. तिच्यावर रिस्टार्ट चालतो, कारण जुनं सत्र तुटतं. पण जुनं सत्र तेवढं तोडणारी 'नेट यूज' नावाची आज्ञा विंडोजमध्ये आहेच, आणि तिला राउटर लागत नाही.

दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते बघणाऱ्या 'पिंग' या आज्ञेवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. विंडोजने नेटवर्क 'पब्लिक' म्हणजे परकं मानलं असेल तर सर्व्हर ठणठणीत असूनही पिंगला उत्तर देत नाही. आणि पिंगला उत्तर आलं तरी फाइल वाटणारी सेवा चालू आहे याची हमी नाही. ती सेवा ४४५ क्रमांकाच्या दारात बसते. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा पत्ता आणि तो क्रमांक देऊन चालवली की दार उघडं आहे की नाही ते सरळ कळतं. परकेपणाचं हे प्रकरण फार घरांत होतं आणि त्याचं कारण मजेशीर आहे. विंडोज नेटवर्कची ओळख राउटरवरून ठेवतं. नेटवाल्याने जुना डबा काढून नवा बसवला की त्याच भिंती, त्याच वायरी आणि तीच माणसं असूनही विंडोजच्या दृष्टीने तुम्ही स्टेशनवरच्या फुकट वायफायवर येऊन बसलात. ते दारं लावून घेतं. यावर शंभर रिस्टार्ट करा, काही होणार नाही. सेटिंगमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' निवडा, झालं.

नावाच्या बिघाडाकडे परत जातो, कारण तिथे इतिहासाने घातलेला घोळ वाचण्यासारखा आहे. नेटवर्कच्या खिडकीत सगळ्या संगणकांची चित्रं ओळीने दिसायची, ती यादी कुठून यायची? घरातले संगणक आपसात चक्क निवडणूक घ्यायचे. जो जिंकेल तो यादी सांभाळायचा. जिंकणारा सर्व्हरच असेल असं नव्हतं. पाहुणी म्हणून आलेल्या भाचीचा लॅपटॉपही निवडून यायचा, आणि ती घरी गेली की यादीही तिच्याबरोबर जायची. मेलेल्या संगणकाचं नाव यादीतून जायला पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागायचा. १९८७ च्या मे महिन्यात लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांना पाठवलेल्या एका पत्रात जोडलेल्या संगणकांची व्याख्या केली होती. जो संगणक आहे हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं, तो बंद पडला म्हणून तुमचा संगणक निकामी होतो, असा तिचा आशय. त्याच्यापुढे मोठ्या प्रणाली होत्या, पण भाचीच्या लॅपटॉपला ती बिनचूक लागू पडते.

ही निवडणूक एसएमबी-१ या फाइली वाटायच्या जुन्या बोलीवर चालायची. तिची मुळं १९८३ च्या सुमाराला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउमने केलेल्या कामात आहेत. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या संगणकांवर ही बोली बसवणंच बंद केलं. यादी रिकामी झाली. जोडणी मात्र शाबूत होती, आकड्याने किंवा पूर्ण नाव टाइप करून जाता येत होतं. पण चित्र दिसत नाही म्हणजे यंत्र नाही, अशी आपली ठाम समजूत. मग यूट्यूबवर कुणीतरी उत्साहाने सांगितलं: एसएमबी-१ चालू करा, फायरवॉल बंद करा, चित्र येईल. आलंही.

हा सल्ला देणाऱ्यांविषयी माझ्याकडे सौम्य शब्द नाहीत. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो एसएमबी-१ मधल्या छिद्रातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्चमध्येच दिला होता. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं त्यात अडकली. जूनच्या अखेरीस 'नॉटपेट्या' या दुसऱ्या व्हायरसने तेच छिद्र वापरलं आणि जहाज वाहतुकीतल्या मर्स्क समूहाला झोपवलं. त्यात आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनलही अडकलं, कंटेनर खोळंबले. खुद्द मायक्रोसॉफ्टचा नेड पाइल आदल्या वर्षीपासून कंठशोष करून सांगत होता की ही बोली वापरणं थांबवा. आणि इकडे खिडकीत एक चित्र दिसावं म्हणून लोक ती चालू करत होते. संगणकांची यादी दाखवायची नवी पद्धत विंडोजमध्ये आहे. 'फंक्शन डिस्कव्हरी' नावाच्या सेवा चालू केल्या की विंडोजवरचे सर्व्हर दिसू लागतात, बऱ्याच नॅस डब्यांतही तशी सोय असते. तेही जमत नसेल तर डेस्कटॉपवर एक शॉर्टकट करून ठेवा. फायरवॉल बंद करून झालेलं निदान म्हणजे निदान नव्हे. बंद केल्यावर चाललं तर एवढंच कळतं की फायरवॉलमध्ये एक नियम कमी होता. तो नियम घाला आणि दार पुन्हा लावा.

मायक्रोसॉफ्टलाही सोडायचं कारण नाही. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने, निदान प्रो वापरणाऱ्यांसाठी, दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. फाइलींच्या देवाणघेवाणीवर डिजिटल सही हवी, आणि पासवर्डाशिवाय 'गेस्ट' म्हणून शिरणं बंद. दोन्ही निर्णय योग्य. पण गेस्ट म्हणून उघडणारे जुने नॅस डबे एका अपडेटनंतर बंद झाले, आणि पडद्यावर काय दिसतं? तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे हे फोल्डर उघडता येत नाही. घरात कुठली आली संस्था? सोसायटीची कमिटी? धोरण मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमध्ये ठरलं आणि नाव लावलं आमच्या अंगाला. "या डब्यावर एक खातं आणि पासवर्ड तयार करा" एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर लोक रजिस्ट्रीत कोयते घेऊन शिरले नसते.

या धंद्यात बघण्याची परंपरा नाही असं नाही, उलट फार चांगली आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूसला नेटवर्कचं वागणं विचित्र वाटलं. त्याने काही बंद-चालू केलं नाही. एका संध्याकाळी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. हाक मारायची, किती वेळात प्रतिसाद येतो ते मोजायचं. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं पिंग. कॅनबेरातला अँड्र्यू ट्रिजेल तर त्याच्याही पुढचा. १९९१ च्या अखेरीस आपल्या पीसीवरून युनिक्स यंत्रावरच्या फाइली बघायच्या म्हणून तो वायरीवरून जाणारे तुकडे पाहत बसला आणि ती बोली कुठली हे ठाऊक नसताना ती बोलणारा सर्व्हर लिहून मोकळा झाला. त्यातून पुढे सांबा जन्माला आलं. आज बाजारातल्या बहुतेक नॅस डब्यांच्या पोटात तेच असतं. वायरीवरून काय जातंय ते दाखवणारा वायरशार्क आज फुकट मिळतो. आपल्याकडे संगणक दुरुस्तीच्या किती वर्गांत तो उघडून दाखवतात, हे एकदा आपल्या गावातल्या वर्गात जाऊन विचारा. फॉरमॅट मारायला मात्र सगळीकडे शिकवतात.

घरच्या सर्व्हरला घरच्या माणसाच्या हातात द्यायचा एक प्रयत्नही झाला होता. जानेवारी २००७ मध्ये लास वेगासच्या मेळ्यात बिल गेट्सने 'विंडोज होम सर्व्हर' जाहीर केला. घरातले दहापर्यंत संगणक जोडायचे, रोज रात्री त्यांची आपोआप प्रत काढायची. घरात सर्व्हर का, हे पटवायला लहान मुलांच्या चित्रपुस्तकाच्या थाटाचं एक विनोदी पुस्तकही काढलं. सुरुवातीलाच फाइली बिघडवणारा दोष निघाला, तो निस्तरायला २००८ चा जुलै उजाडला. पण क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातली जोडणी पायरी पायरीने तपासणारं साधन त्यासाठी निघालं होतं, हे मी विसरत नाही. २०१२ मध्ये दुकान बंद. विंडोज ७ बरोबर आलेला 'होमग्रुप' २०१८ मध्ये काढून टाकला. घरातल्या दोन खोल्यांमध्ये फाइल नेण्यात दरमहा भाडं नाही, ढगात ठेवण्यात आहे. या दोन गोष्टींचा संबंध नाही असं मला कुणी पटवून दाखवावं.

उरली वायर. सगळ्या तपासाची सुरुवात तिच्यापासून करायला हवी, आणि आपल्याकडे ती भिंतीत गाडून वर रंग दिलेला असतो. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्यांत. शंभर मेगाबिटला चार तारा पुरतात, हजाराला आठही लागतात. वायरमन चारच दाबतो, उरलेल्या चार कापून टाकतो किंवा त्यातून इंटरकॉम काढतो. नेट चालतं, स्पीड टेस्टचा काटा झुकतो, सगळे खूश. सर्व्हरवरून ५० जीबी फोटो आणायला निघालात की हजार मेगाबिटवर आठ-दहा मिनिटांचं काम तासाभरावर जातं. ढिल्या दाबलेल्या टोकाचं तर विचारूच नका. लहान फाइली जातात, मोठी फाइल मध्येच तुटते. सेटिंगमध्ये लिंकचा वेग १०० दिसला आणि दोन्ही टोकांची यंत्रं हजाराची असली तर सॉफ्टवेअरकडे बघूही नका.

नव्या इमारतींच्या माहितीपत्रकात 'स्मार्ट होम' छापतात. आमच्या ओळखीच्या एका घरी भिंतीतल्या केबलचं काम चालू होतं तेव्हा मी केबल टेस्टर घेऊन मुद्दाम गेलो. दोन डब्या, दोन टोकांना लावायच्या, आठ दिवे ओळीने लागायला हवेत. चार लागले.

"काका, नेटला चारच लागतात," वायरमन म्हणाला.

घरमालकाला मी सांगितलं की बरोबर आहे, पैसेही आठातल्या चारांचेच द्या. संध्याकाळी तो मुकाट्याने येऊन उरलेल्या चार लावून गेला.